निळ्या झाकणाच्या कुप्या

१

निळ्या झाकणाच्या सगळ्या कुप्यांमधले जंतू मेलेले निघाले, तेव्हा डॉ. एकनाथ तामोरेला आनंद झाला.

उघड उघड नव्हे. पन्नाशी उलटलेला, जंतुशास्त्रात नाव कमावलेला माणूस भर प्रयोगशाळेत टाळ्या पिटत नाही. एकनाथने चेहरा लांब केला, 'अरेरे' म्हटलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. पण आतून बऱ्याच वर्षांनी त्याला पोटभर जेवल्याचं समाधान मिळालं होतं.

पालघरहून कोळगावकडे जाताना 'किनारा आरोग्य संशोधन केंद्र' लागतं. कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा अभ्यास तिथे चालतो. केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमांगी सावे. एकनाथ दुय्यम. मेडिकल कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते आणि तिथेही हेमांगी पहिली, एकनाथ दुसरा. पुढे तिने रोगी पाहण्याऐवजी रोग पसरतो कसा ते पाहायचं ठरवलं. सरावलीतल्या कामगारांच्या चाळी तिने पायी पालथ्या घातल्या. कोण कुठली गोळी खातं, अर्धं पाकीट का टाकून देतं, साध्या तापाला कोण कसलं इंजेक्शन टोचतो, हे ती दारोदार विचारत फिरली. तिने आणलेले नमुने एकनाथ प्रयोगशाळेत वाढवायचा. जंतू वाढवायचे आपण आणि हार घालून घ्यायचे बाईंनी, असं त्याचं म्हणणं होतं. ते तो केंद्रात कधी बोलला नाही. घरी मात्र दुसरं काही बोलला नाही.

बेटेगावची लाडकी बाळंतपणानंतरच्या तापाने गेली, तेव्हा तिच्या जखमेतून निघालेल्या जंतूवर एकही औषध चाललं नव्हतं. सगळे उपाय थकले की जे इंजेक्शन द्यायचं, तेसुद्धा नाही. तेच इंजेक्शन इकडे कुठल्याही सर्दीतापाला बिनदिक्कत टोचलं जातं, ते थांबवा, असा अहवाल हेमांगीने सरकारला धाडला होता. अहवालाचा सगळा भार लाडकीच्या त्या जंतूवर होता. तो ज्या कुप्यांत गोठवून ठेवला होता त्यांची झाकणं निळी होती. दिल्लीत एक मोठं पदही हेमांगीची वाट पाहत होतं, फक्त त्याआधी पुण्याचे दोन तज्ज्ञ जंतूची खातरजमा करणार होते.

ते आले. फ्रीजरमधून निळ्या कुप्या काढल्या, आतला बर्फ जरासा खरवडून काचेच्या थाळ्यांवर पसरला आणि वाट पाहिली. थाळ्या कोऱ्याच राहिल्या. त्याच फ्रीजरमधल्या लाल झाकणाच्या कुप्यांतले दुसरे जंतू मात्र रानासारखे माजले. म्हणजे वीज गेली, फ्रीजर बिघडला, असं म्हणायची सोय उरली नाही.

दोघांतल्या वयस्कर तज्ज्ञांनी थाळीवर झाकण ठेवलं आणि हेमांगीकडे पाहिलं.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "यात जंतू होते तरी का?"

२

केंद्राच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आत्माराम चुरी म्हणजे केळव्याचे चिकूवाडीवाले. बोलणं त्यांच्या चिकूंइतकंच गोड. त्यांनी एकनाथला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"तज्ज्ञ शुक्रवारी परत येतायत. तोवर खरं काय ते तुम्ही शोधा. पोलीस आले तर केंद्राला कुलूप लागेल."

"मीच का?"

"तुमचं नि बाईंचं पटत नाही हे जगजाहीर आहे. तुम्ही तिला निर्दोष म्हणालात तर कोणी शंका घेणार नाही." चुरींनी आवाज खाली आणला. "आणि तिने थाप मारली असं ठरलं, तर ती खुर्ची रिकामी होईल. दुय्यम कोण आहे, तेही जगजाहीर आहे."

एकनाथ बाहेर पडला तो तरंगतच. बाईंनी खरोखर थाप मारली असेल का? तिचा स्वभाव पाहता नाही. पण माणूस बदलतो, दिल्ली दिसू लागली की तर फारच. त्याला ते मनापासून हवं होतं.

हेमांगी आपल्या खोलीत खिडकीशी उभी होती. रडलेली वगैरे नव्हती. चिडलेली होती.

"तुम्ही केलंत का, तामोरे?" तिने वळूनही न पाहता विचारलं.

"मी? मी कशाला?"

"कॉलेजपासून माझ्यावर जळता म्हणून."

"मी जळतो? तुमच्यावर?" एकनाथ हसायला गेला, पण त्याचे कान लाल झाले. "जळावं असं आहे काय तुमच्यापाशी?"

"ते तुम्हालाच माहीत." ती आता वळली. "मला पदाची पर्वा नाही असं मी म्हणणार नाही. आहे. पण लाडकी गेली, तिला अग्नी दिला, तिचा जंतू पुन्हा आणायला मी कुठे जाऊ? माझा अहवाल खोटा ठरला तर ते इंजेक्शन उद्याही पडशाला टोचतील आणि मग जी खरी अडलेली बाई येईल, तिला द्यायला आपल्या हातात काही नसेल. तुम्हाला माझा राग असू दे. शोधा फक्त नीट."

"फ्रीजरच्या खोलीची चावी कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे, तुमच्याकडे आणि दर्पणकडे. इतर दिवशी त्या खोलीत कोणी ना कोणी असतंच. मोकळी मिळाली असेल तर नारळी पौर्णिमेला. तुमच्याच हट्टाने सुट्टी दिली होती."

हे खरं होतं. एकनाथ सातपाटीच्या मच्छीमार घरातला. त्या दिवशी तो भावांच्या बोटीच्या पूजेला गेला होता.

तो सरळ प्रयोगशाळेत आला. कुप्यांत मुळात काहीच नव्हतं, नुसतं पाणी भरून बाईंनी जगाला फसवलं, हे सिद्ध करायला सूक्ष्मदर्शक पुरेसा होता. एका निळ्या कुपीतला कणभर बर्फ त्याने काचेवर घेतला, रंग चढवला आणि डोळा लावला. मग कितीतरी वेळ त्याने डोळा काढलाच नाही.

३

काचेवर जंतूच जंतू होते. खच्चून भरलेले. मेलेले, पण होते.

म्हणजे बाई खरं बोलत होती. एकनाथला इतकं वाईट वाटलं, की तो स्टुलावर बसूनच राहिला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. बाईंनी कुप्यांत जंतू ठेवले होते आणि नंतर कोणीतरी ते मारून कुप्या जागच्या जागी परत ठेवल्या होत्या.

पण एकदा कोडं समोर आलं की एकनाथचं डोकं त्याच्या मनाचं ऐकत नसे. त्याने फ्रीजर उघडून एक लाल आणि एक निळी कुपी शेजारी शेजारी धरली. दोन्हींवर हिमाचा पांढरा थर होता. बोटाने त्याने तो पुसला आणि भुवया वर गेल्या.

लाल कुपीतला बर्फ तळाशी होता आणि वरून सपाट. कुपी उभी ठेवून गोठवली की असंच व्हायला हवं. निळीतला बर्फ मात्र तळापासून झाकणापर्यंत एकाच कडेला चिकटलेला होता. त्याने दुसरी निळी काढली. तसंच. तिसरी, तसंच. तज्ज्ञांनी वरवर खरवडलं होतं, हिम पुसून कोणी पाहिलंच नव्हतं. या कुप्या एकदा पूर्ण वितळल्या होत्या आणि मग आडव्या निजवून पुन्हा गोठवल्या होत्या.

प्रयोगशाळेतला माणूस कुपी कधी आडवी ठेवत नाही. त्याची हिंमतच होत नाही, त्याचा हातच तसा वळत नाही. आणि निळ्या कुप्यांवरच्या नावाच्या चिकटपट्ट्यांचे कागद सुरकुतलेले होते. भिजलेले नव्हते, शाई जराही फुटली नव्हती. त्यांना वाफ लागली होती. शिवाय पुसलेलं हिम सुकल्यावर लाल कुपी स्वच्छ निघाली, निळीवर मात्र पांढुरकी भुकटी राहिली. एकनाथने ती थेंबभर पाण्यात कालवली, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

मीठ.

एकनाथ सावकाश मागे टेकला. बर्फात मीठ मिसळलं की तो जास्त थंड होतो आणि धरून ठेवलेला माल दगडासारखा घट्ट करतो. बर्फाचा एक थर, त्यावर माल आडवा निजवलेला, त्यावर पुन्हा बर्फ, वरून मूठ मूठ मीठ. लांबच्या बाजाराला पापलेट धाडताना त्याची आई असंच करायची. हे काम प्रयोगशाळेतलं नव्हतंच. हे मासेवाल्यांच्या घरचं होतं.

केंद्रात मासेवाल्यांच्या घरची माणसं दोन. एक जयवंती, तंत्रज्ञ. दुसरा तो स्वतः.

४

पण रीतसर चौकशी करायची तर आधी दर्पण राऊत. हेमांगीच्या हाताखालचा हा तरुण संशोधक हुशार आणि तितकाच उतावळा.

"मला विचाराल तर मॅडमचं हे व्हायलाच हवं होतं," त्याने सुरुवातच अशी केली. "लाडकीच्या शोधनिबंधावर रात्रीचा दिवस मी केला. नाव कितवं? पाचवं!"

एकनाथला आत कुठेतरी बरं वाटलं. जळणारा आपण एकटाच नाही.

"नारळी पौर्णिमेला कुठे होतास?"

"मामांकडे, डहाणूला. चावी आदल्या दिवशीच जयवंतीताईंकडे दिली. त्यांनाच लाल कुप्यांचं काम उरकायचं होतं."

एकनाथने त्याला सहज विचारलं, "मासे ताजे ठेवायला तुमच्या घरी बर्फ कसा लावतात रे?"

"फ्रिजमध्ये ठोकळे असतात ना सर," दर्पण गोंधळून म्हणाला.

जयवंती पागधरेला असं गोलगोल विचारायची सोय नव्हती. एकनाथने कुपी आणि पांढरं पाणी तिच्यासमोर ठेवताच ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे मी केलं म्हनता? का तर आमी मच्छीवाले?"

"दर्पणची चावी तुझ्याकडे होती."

"व्हती. पन सनाच्या दिवशी मी घरी व्हते, अख्खा पाडा साक्षीला हाय. आनि राग म्हनाल तर हाय, लपवत नाय. परदेशात शिकायला दर्पणला धाडलं बाईंनी, मला नाय. जळले मी. महिनाभर बाईंशी बोलले बी नाय." तिने श्वास घेतला. "पन डॉक्टर, मला जंतू मारायचे असते तर बाजूच्या खोलीत वाफेचा ऑटोक्लेव्ह हाय. रोजचं काम माझं. झाकन लावलं, बटन दाबलं, झालं. वाफ द्यायला कुप्या घरी कशाला नेऊ?"

ती बरोबर बोलत होती. दर्पण असो, जयवंती असो की बाई स्वतः, जंतू मारायला इथल्या कोणालाच कुप्या बाहेर न्यायची गरज नव्हती. नेल्या त्या अशा माणसाने, ज्याला वाफेने जंतू मरतात एवढं माहीत होतं, पण ते यंत्र चालवता येत नव्हतं. त्याला चावी मिळत होती. मिठाचा बर्फ लावायची हाताला सवय होती. आणि फ्रीजरमधल्या शेकडो कुप्यांतून निळ्या झाकणाच्याच उचलायच्या, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं होतं.

फाटकावर महादू पहारेकरी तंबाखू मळत बसला होता. सणाच्या दिवशीही तोच होता, म्हणून चौकशी हाती आली त्या सोमवारीच एकनाथने त्याला एकदा विचारलं होतं.

"महादू, त्या दिवशी बाहेरचं कोणी आलं होतं का रे?"

"नाय साहेब. बाहेरचं कोनीच नाय. मी तुमाला सोमवारी बी तेच सांगलं."

एकनाथ परत फिरला आणि दोन पावलांवर थांबला. प्रश्न त्याने चुकीचा विचारला होता. सोमवारीही, आणि आताही.

"आणि घरचं?"

महादूचा चेहरा उजळला. "घरच्या म्हंजे आपल्या वहिनीच की! सकाळी मला नारळीभात दिला, आत जाऊन आल्या, संध्याकाळी डबा न्यायला आल्या. सोबत तो मच्छीचा थर्माकोलचा डबा व्हता, जयवंतीताईंचा वाटा ठेवते आत, म्हनाल्या. साहेब, नारळीभात झकास झालेला."

५

एकनाथ घरी पोचला तेव्हा दुपारची उन्हं ओट्यावर आली होती. त्याची बायको वत्सला स्वयंपाकघरात पाट मांडून नारळ खवत होती. गणपती तोंडावर आले होते. मांडणीवर एक नवं कोरं स्टीलचं मोदकपात्र ठेवलेलं होतं, किमतीची चिकटपट्टी अजून तशीच.

एकनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि कागदांना लागलेली वाफ कुठली ते त्याला कळलं. खाली पाणी, वर चाळणी, चाळणीवर उभ्या कुप्या. कागद भिजायला नकोत म्हणून.

"आईचं तांब्याचं मोदकपात्र कुठाय?"

खवणीवरचा हात थांबला. "टाकलं."

"आईची एवढी एकच वस्तू घरात होती. कुठे टाकलंस?"

"खाडीत."

"का?"

"मग त्यात गनपतीचे मोदक करू?" वत्सला एकदम उसळली आणि मग तिच्याच लक्षात आलं, की आता सांगायचं काही उरलं नाही. तिने नारळाची वाटी खाली ठेवली. "कळलं तर तुमाला."

"का केलंस, वत्सला? माझ्यासाठी? मला खुर्ची मिळावी म्हणून?"

"तुमची खुर्ची घाला चुलीत!" ती म्हणाली. "सकाळी चहा घ्यायला बसला की बाई. दुपारी फोन केला तर बाई. जेवताना बाई अशी बोलली, बाई तशी वागली. तिनं साडी कुठली नेसली हे बी मला ठाऊक असतं. लग्न झाल्यापासून आपल्या घरात तिसरं मानूस बसलेलं हाय आनि मी दोघांना वाढते हाय."

एकनाथ आ वासून पाहत राहिला. "अगं, पण मी तिला शिव्या देतो!"

"देता ना. दुसऱ्या कोनाला देता का? मला तरी कधी इतक्या मन लावून दिल्यात?"

आयुष्यभर आपण ज्याला द्वेष समजत आलो, तो बाहेरून असा दिसत होता? तो धपकन खुर्चीत बसला.

"तुमीच म्हनालात," वत्सला आता हलक्या आवाजात बोलत होती, "निळ्या झाकनांत बाईचं सगळं नशीब हाय. ते जंतू मेले की बाई संपली. धा वेळा म्हनालात. जंतू वाफेनं मरतात, आमचं यंत्र म्हंजे मोठं मोदकपात्रच, हे बी तुमीच सांगितलेलं. चावी खिळ्याला व्हती, तुमी बोटीवर. झाकनं सैल केली, वाफ दिली, बरफ लावला. मला वाटलं, तिचं नाव गेलं की ती बी जाईल हितून."

"वेडे," एकनाथ कळवळून म्हणाला, "तज्ज्ञांनी हो म्हटलं असतं तर ती दिल्लीलाच चालली होती. कायमची. आता नाव गेलं तर कोण बोलावणार तिला? ती जन्मभर इथेच, पालघरात राहील."

वत्सलाने दोन्ही हात तोंडावर घेतले.

आणि ती तशी बसली असताना एकनाथच्या मनात जे यायचं ते आलंच. वत्सलाचं नाव फक्त त्याला ठाऊक होतं. शुक्रवारी 'काही सापडलं नाही' एवढंच म्हटलं तरी पुरे होतं. बायको वाचली, बाई बुडाली, खुर्ची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा तो पहिला आणि हेमांगी कुठेच नाही.

"आता काय करनार तुमी?" वत्सलाने विचारलं.

"माहीत नाही," एकनाथ म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

६

शुक्रवारी केंद्राच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. पुण्याचे तज्ज्ञ, चुरी, दर्पण, जयवंती. हेमांगी टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. शेवटच्या खुर्चीवर वत्सला होती. मी येनार, एवढंच ती सकाळी म्हणाली होती आणि रिक्षात बसली होती.

"काय निघालं, डॉक्टर?" चुरींनी विचारलं. त्यांच्या स्वरात खुर्चीचं आमंत्रण होतं.

एकनाथ उठला. हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. हा आपल्याला बुडवणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. एकनाथला कसला राग आला असेल तर याचा आला. एवढं क्षुद्र समजते मला! आणि मग त्याला मान्य करावं लागलं, की काल रात्रीपर्यंत तिचा अंदाज बरोबर होता.

"कुप्या रिकाम्या नव्हत्या," तो म्हणाला. "जंतू होते. कोणीतरी ते वाफेवर मारले." मग त्याने कडेला चिकटलेला बर्फ, सुरकुतलेले कागद, मीठ, एकेक करून टेबलावर मांडलं. तज्ज्ञ कुप्या हातात घेऊन उजेडात धरू लागले.

"म्हणजे पुरावा गेलाच," दर्पण पुटपुटला.

"नाही गेला." हे सांगणं एकनाथला जड गेलं, कारण हे वाक्य म्हणजे हेमांगीचं दिल्लीचं तिकीट होतं. "जंतू मेला तरी त्याचं जनुक जात नाही. तपासणीसाठी जनुक काढायचं तर आपण जंतू मुद्दाम उकळतो, रोज. औषधाला दाद न देण्याचं बळ ज्या जनुकात असतं, ते या मेलेल्या जंतूंमध्येही सापडेल. कुप्या पुण्याला न्या. लाडकीचा जंतू खोटा नव्हता, हे त्याच सांगतील."

वयस्कर तज्ज्ञांनी मान डोलावली. "हे आम्हालाच सुचायला हवं होतं. यात काही नव्हतंच असं धरून बसलो होतो."

हेमांगीने डोळे मिटून घेतले होते.

"पण केलं कोणी?" चुरींचा गोडवा गेला होता.

"चावी माझी होती," एकनाथ म्हणाला. "काय मारायचं, कसं मारायचं, हेही माझंच बोलणं. माझा राजीनामा..."

"मी केलं." वत्सला उभी राहिली. मान वर होती. "त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मोदकपात्रात, माझ्या हातानं केलं. या बाईंवर जळून केलं."

हेमांगी उठली आणि सरळ वत्सलासमोर जाऊन उभी राहिली. आता मुस्काटात बसणार, असं सगळ्यांनाच वाटलं. वत्सलानेही डोळे घट्ट मिटले.

"हात दाखवा," हेमांगी म्हणाली.

"अं?"

"दोन्ही. कुप्या वितळल्या तेव्हा काही सांडलं होतं?"

"एक कलंडली व्हती. फडक्यानं पुसली मी."

"मोजे घातले नसणारच. त्या दिवशी हाताला कुठे कापलं होतं?" तिने वत्सलाची बोटं उजेडाकडे वळवली. उजव्या तर्जनीवर कोळंबीचा काटा लागून भरत आलेली जखम होती. हेमांगीचा चेहरा पालटला. "जयवंती, नमुना घ्यायची काडी आण, लगेच. वहिनी, ताप आला होता? थंडी वाजली? काखेत दुखतंय का? हे बघा, घाबरू नका, पण हा साधा जंतू नाही. माझ्यापासून काही लपवायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि मला फोनवर सांगायचा."

वत्सला रडायला लागली. हेमांगीने तिला खुर्चीत बसवलं, पण हात सोडला नाही.

एकनाथ टेबलापाशी तसाच उभा होता. दोन दिवस तो वत्सलाला प्रश्न विचारत होता. का केलंस, कसं केलंस, कधी केलंस, कोणी पाहिलं. तो डॉक्टर होता, जंतू त्यानेच वाढवले होते, ते काय करतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि तो नवरा होता. हात दाखव, एवढं त्याला सुचलं नव्हतं. इथेही बाई पहिली आली होती, आणि या वेळी कोणी अन्याय केला असं त्याला म्हणता येईना.

पुण्याहून उत्तर आलं, जनुक सापडलं. ते इंजेक्शन चिठ्ठीशिवाय द्यायला जिल्ह्यात बंदी झाली. हेमांगीने कोणावर तक्रार केली नाही. चुरींनी एकनाथचा राजीनामा नाकारला, पण हेमांगीच्या जागी प्रमुखपद दर्पणला दिलं, आणि एकनाथ दुय्यमचा दुय्यमच राहिला.

वत्सलाची जखम कोरडी पडली, ताप कधी आलाच नाही. फोन मात्र बंद झाले नाहीत. हेमांगी दिल्लीला गेली, तिथे तिला मनासारखे मासे मिळेनात, बोलायला माणूस मिळेना. रविवारी जेवणं झाली की वत्सलाचा फोन वाजतो आणि ती तो घेऊन मागच्या पडवीत जाते. एकनाथ आरामखुर्चीत वर्तमानपत्राचं तेच पान धरून बसतो. पडवीतून हसणं ऐकू येतं, शब्द येत नाहीत. काय एवढं बोलतात कोण जाणे. त्याच्याशी बाई कधी इतकं हसून बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर वत्सलाही नाही.

परवा त्याला राहवलं नाही. वत्सला आत आली तसं त्याने पान उलटत विचारलं, "काय म्हणत होती?"

"काय नाय. आमचं आपलं."

"माझं काही विचारलं?"

वत्सला थांबली. तिने खरंच आठवून पाहिलं, एकदाच नव्हे, दोनदा.

"नाय बा," ती म्हणाली, आणि भांडी घासायला आत गेली.